क्रिव्होरिझस्ताल आणि युगान्स्क: दहा महिन्यांतले दोन लिलाव

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

युक्रेन युद्धाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात एक सूर वारंवार ऐकू येतो. रशिया आणि युक्रेन एकाच माळेचे मणी आहेत, सोव्हिएत संघ कोसळल्यावर दोन्हीकडे मूठभर धनदांडग्यांनी देश लुटला, तेव्हा उडदामाजी काळे-गोरे कशाला निवडायचे, असे अनेक जाणती माणसेही म्हणतात. यातला लुटीचा भाग खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मुळीच पटत नाही.

लूट झाली हे कोणी नाकारू नये. रशियात जानेवारी १९९२ मध्ये उपपंतप्रधान गायदार यांनी किमतींवरील नियंत्रण उठवले आणि सामान्य माणसाची आयुष्यभराची बचत काही महिन्यांत मातीमोल झाली. त्याच वर्षी प्रत्येक नागरिकाला सरकारी कंपन्यांचे समभाग घेण्यासाठी दहा हजार रूबलचे व्हाउचर देण्यात आले. एका व्हाउचरची किंमत पुढे दोन वोल्गा मोटारींइतकी होईल, असे खासगीकरणाचे प्रमुख चुबाइस सांगत होते. प्रत्यक्षात लोकांनी ती मिळेल त्या भावाने विकून टाकली. १९९५ मध्ये सरकारी कंपन्यांचे समभाग तारण ठेवून बँकांकडून कर्ज घेण्याची योजना आली, आणि ज्या बँका लिलाव घेत होत्या त्यांच्याच मालकांच्या हाती नोरिल्स्क निकेल ही धातू कंपनी आणि युकोस ही तेल कंपनी यांसारख्या कंपन्या गेल्या. युक्रेनमध्ये हेच सारे उशिरा आणि अधिक ढिसाळपणे घडले. तिथे १९९३ मध्ये चलनवाढ दहा हजार टक्क्यांच्या वर गेली होती, आणि राष्ट्राध्यक्ष कुचमा यांच्या राजवटीत मोठे उद्योग मर्जीतल्या लोकांना वाटले गेले.

खरा फरक दिसतो तो पुढे, या लुटीचे काय केले गेले त्यात. जून २००४ मध्ये क्रिव्ही रिह येथील क्रिव्होरिझस्ताल हा युक्रेनचा सर्वांत मोठा पोलाद कारखाना अखमेतोव आणि पिंचुक या उद्योगपतींच्या गटाला सुमारे ८० कोटी डॉलरला विकण्यात आला. पिंचुक हे खुद्द राष्ट्राध्यक्ष कुचमा यांचे जावई. परदेशी कंपन्या आपोआप बाद ठरतील अशाच अटी निविदेत होत्या, आणि लक्ष्मी मित्तल यांचा समूह व यूएस स्टील यांची जवळपास दुप्पट रकमेची संयुक्त बोली डावलली गेली. त्याच वर्षाअखेर निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्ध लोक कडाक्याच्या थंडीत कीव्हच्या चौकात उतरले, सर्वोच्च न्यायालयाने मतदानाची दुसरी फेरी रद्द केली आणि फेरमतदानात विरोधी उमेदवार युश्चेन्को राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. न्यायालयांनी कारखान्याची विक्रीही रद्द ठरवली. २४ ऑक्टोबर २००५ रोजी त्याचा पुन्हा लिलाव झाला, तोही दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात. बोली दहा अब्ज रिव्नियांपासून (रिव्निया हे युक्रेनचे चलन) सुरू झाली, तीन स्पर्धक एकमेकांवर चढत गेले आणि मित्तल यांनी २४.२ अब्ज रिव्नियांना, म्हणजे सुमारे ४.८ अब्ज डॉलरला, कारखाना घेतला. आधीच्या किमतीच्या जवळपास सहापट रक्कम सरकारी खजिन्यात येताना सारा देश पाहत होता.

आता मॉस्कोतला लिलाव पाहा. युकोसचे मालक खोदोरकोव्हस्की यांना ऑक्टोबर २००३ मध्ये अटक झाली. थकीत कराच्या वसुलीसाठी १९ डिसेंबर २००४ रोजी युकोसचे मुख्य तेलक्षेत्र असलेली युगान्स्कनेफ्तेगाझ ही उपकंपनी विकायला काढण्यात आली. बोली एकाच कंपनीने लावली, ती म्हणजे त्वेर शहरात नोंदलेली, तोवर कोणी नावही न ऐकलेली बैकालफिनान्सग्रुप. काही मिनिटांत सुमारे साडेनऊ अब्ज डॉलरचा व्यवहार आटोपला आणि त्याच आठवड्यात ही कंपनी सरकारी मालकीच्या रॉसनेफ्टने गिळंकृत केली. रॉसनेफ्टच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते क्रेमलिनमधलेच अधिकारी इगोर सेचिन. (हीच रॉसनेफ्ट २०१७ पासून आपल्या गुजरातमधील वाडीनार तेलशुद्धीकरण कारखान्यात ४९ टक्क्यांची भागीदार आहे.) खोदोरकोव्हस्की यांनी युकोस कशी मिळवली हे जगजाहीर होते, त्यामुळे रशियात त्यांच्यासाठी फारसे कोणी हळहळले नाही, पण ती संपत्ती जनतेकडे परतली नाही, एका दरबाऱ्याकडून काढून दुसऱ्याच्या ताब्यात दिली गेली.

या फरकाचे मूळ माझ्या मते १९९३-९४ मध्ये आहे. दोन्ही देशांत राष्ट्राध्यक्ष आणि संसद यांच्यात पेच होता. रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये संसदेच्या इमारतीवर रणगाड्यांतून तोफा डागल्या आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्षाच्या हाती सारे अधिकार देणारी राज्यघटना आणली. युक्रेनने मात्र मुदतपूर्व निवडणुकांचा मार्ग घेतला. जुलै १९९४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्रावचुक हरले आणि निमूटपणे पायउतार झाले. पुढे २०१० मध्ये युश्चेन्को आणि २०१९ मध्ये पोरोशेन्को या तेव्हा पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांनाही मतदारांनी घरी बसवले. रशियात असे एकदाही घडलेले नाही. आपण हरू शकतो हे ज्या सत्ताधाऱ्याला ठाऊक असते, त्याचे लागेबांधे उद्या उघडे पडू शकतात आणि जावयाला दिलेला कारखाना परतही जाऊ शकतो.

युक्रेनची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. क्रिव्होरिझस्तालनंतर असा दुसरा मोठा फेरलिलाव झाला नाही आणि अखमेतोव यांचे साम्राज्य टिकून राहिले. जुलै २०२५ मध्ये, ऐन युद्धात, झेलेन्स्की यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या संसदेने भ्रष्टाचारविरोधी तपास यंत्रणेची स्वायत्तता काढून घेणारा कायदा केला. त्याच संध्याकाळी तरुण मुले पुठ्ठ्यांवर घोषणा लिहून कीव्हच्या रस्त्यावर आली, आणि नऊ दिवसांत संसदेला तो बदल मागे घ्यावा लागला. ड्रोनहल्ल्यांच्या सावटाखालीही स्वतःच्या सरकारला जाब विचारणाऱ्या या समाजाला रशियाच्या पंक्तीला बसवणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्या वृत्तपत्रात युद्ध आघाडीवरच्या बातम्या नियमित येतात, त्याबद्दल आभार. त्यांच्या जोडीला कीव्हच्या संसदेत आणि न्यायालयांत काय चालले आहे, आणि मॉस्कोत कोणत्या कंपन्या कोणाच्या ताब्यात दिल्या जात आहेत, यावरही सविस्तर मजकूर द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक