वीरगळांच्या मागावर

सातारा

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. मंडळाचं काय चाललंय, असं विचारलं आहेस. सध्या आम्ही वीरगळांच्या, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभारलेल्या कोरीव दगडांच्या, मागे आहोत, आणि त्यातच माझं तुझ्याकडे एक काम निघालंय.

परवा किकलीला गेलो होतो. वाई तालुक्यातलं, चंदन-वंदन किल्ल्यांच्या पायथ्याचं गाव. भैरवनाथाच्या देवळापाशी किती वीरगळ आहेत रे! वीरगळांवर लेख क्वचितच असतो, म्हणून चित्रं खालून वर वाचायची. तळाच्या चौकटीत लढाई. तिथं गाई कोरल्या असतील, तर गावाची गुरं सोडवताना तो माणूस पडला. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, त्याहून वर तो शिवलिंगापुढे बसलाय. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. झिजलेल्या दगडावर अंधारात टॉर्च आडवी धरली की दिवसा न दिसलेली तलवारसुद्धा उठून दिसते.

आपल्याकडे इतिहास म्हटलं की गाडी थेट शिवकाळावर जाते. त्याच्या आधीची चार-पाच शतकं कुणी विचारतच नाही. आपला अजिंक्यतारा किल्ला शिलाहार घराण्यातल्या दुसऱ्या भोज राजानं बांधला असं मानतात. त्याचं राज्य 1212 च्या सुमारास देवगिरीच्या यादव राजा सिंघणानं घेतलं. पुढं 1347 मध्ये बहमनी सत्ता आली. राजांनी कुणाला कुठली जमीन दिली, ते ताम्रपट सांगतात. पण गुरं वळवून नेणाऱ्यांच्या आडवा जाऊन मेलेला गावकरी फक्त या दगडात उरलाय. मला तो हवाय. त्याचं नाव नाही कळलं तरी चालेल.

म्हणून दगड कुठं उभा आहे, तोंड कुठल्या दिशेला, उंची किती, चौकटी किती, हे सगळं आम्ही टिपून ठेवतो. काहींचं म्हणणं, सगळे उचलून संग्रहालयात न्यावेत. मला ते अजिबात पटत नाही. वेशीवरचा दगड वेशीवरून हलवला की तो तिथंच का उभा केला, हे कळायची वाटच बंद होते. ऊन-पावसाची काळजी मलाही आहे, पण वर साधं छप्पर घालता येतं.

आता काम. तुमच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय असं ऐकलं. पाराला टेकवलेले ते दोन दगड वीरगळच आहेत, तिसरा सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात आहे बघ त्यावर. जीर्णोद्धारात असे दगड पायाच्या भरावात जातात, नाहीतर फरशीखाली. उरले तर त्यांना ऑइल पेंट फासतात आणि कोरीव काम बुजून जातं. तुझ्या काकांचा शब्द गावात चालतो. सिमेंटचं काम सुरू व्हायच्या आत त्यांच्याशी बोल. दगड आहेत तिथंच राहू द्या, रंग लावू नका, आणि शेंदूर खरवडायला तारेचा ब्रश तर मुळीच नको. काका हो म्हणाले तर मी टेप आणि कॅमेरा घेऊन लगेच येतो, मुक्काम तुमच्याच घरी.

काय म्हणाले ते लवकर कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती