फवारणीचा टँकर नको, नळ आणि साबण द्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

सार्वजनिक बागांमधली खेळणी ‘निर्जंतुक’ करा, अशी मागणी पालक अधूनमधून करतात आणि पालिकाही एखाद्या सकाळी फवारणीचा टँकर फिरवून मोकळी होते. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंपुरते बोलायचे तर ही फवारणी बहुतांशी वाया जाते. उन्हात तापणारा घसरगुंडीचा पत्रा ई. कोलायसारख्या आतड्यातल्या जिवाणूंना फार काळ मानवत नाही. खरी काळजी करावी ती विष्ठा आणि सांडपाणी मुरते त्या जागांची: सँडपिट (मुलांच्या खेळायच्या वाळूचा हौद), झोपाळ्याखालचे डबके, फुटक्या ड्रेनेज चेंबरभोवतीची ओल.

दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले गेले, तेव्हा ५१ नमुन्यांत ‘एनडीएम-१’ हे जनुक सापडले. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोन नमुन्यांत. हा अभ्यास २०११ सालचा. या जनुकामुळे कार्बापेनेम गटातली, म्हणजे रुग्णालयात अखेरीस काढली जाणारी औषधे निकामी होतात आणि ते एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे सहज जाते. असा जिवाणू पोटात गेलेले मूल बहुधा आजारी पडत नाही, नुसते वाहक होते. पुढे कधी लघवीचा संसर्ग झाला की नेहमीचे औषध लागू पडत नाही, तेव्हा कळते.

वाळूवर किंवा मातीवर क्लोरीन ओतून काही साधत नाही, कारण सेंद्रिय घाण ते आधीच खाऊन टाकते. माद्रिदमध्ये ४० सँडपिट तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जुलाब घडवणारा जिवाणू निघाला. याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपे, उन्हालाही जुमानत नाहीत आणि पर्समधल्या सॅनिटायझरलाही. मातीने भरलेल्या हातांवर सॅनिटायझर तसाही नीट चालत नाही. म्हणून बागेच्या फाटकाशी मुलांच्या उंचीचा, साधारण दोन फुटांवरचा नळ आणि जाळीत बांधलेला साबण हवा. हा खर्च एका फवारणीइतकाही नसावा.

सँडपिटचा तळ पाणी झिरपणारा असावा: खाली खडी, तिच्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे कापड), मग वाळू. कुत्र्या-मांजरांनी घाण करू नये म्हणून रात्री वर जाळी टाकावी. ताडपत्री नको, घट्ट ताडपत्रीखाली ओल कोंडते. रोज सकाळी दाताळे फिरवावे, विष्ठा दिसली तर भोवतालच्या फूटभर वाळूसकट उचलावी आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, वाळू बदलावी.

मॉलमधल्या बॉल पिटचे चेंडू किंवा प्लास्टिकची खेळणी यांची गोष्ट वेगळी. तिथे सावली, घाम, लाळ आणि त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू. तिथे जंतुनाशक उपयोगी पडते. मात्र आधी साबणाने धुऊन घ्यायचे. मग १० लिटर पाण्यात ३५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर (सुमारे ३० टक्के क्लोरीनची) घालावी, गाळ बसल्यावर वरचे पाणी वापरावे, चेंडू १० मिनिटे बुडवून ठेवावेत आणि स्वच्छ पाण्याने धुऊन सुकवावेत. द्रावण रोज नवे हवे. महिनोन्‌महिने उघड्या गोणीत दमट झालेल्या पावडरीत फार दम उरत नाही. टॉयलेट क्लीनर तिच्यात कदापि मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.

तपासणी करायचीच असेल तर ‘एकूण जिवाणूसंख्या’ असा अहवाल घेऊ नये. त्यातून प्रतिरोधाचे काहीच कळत नाही. पाच ठिकाणची मिळून १० ग्रॅम वाळू ९० मिलिलिटर निर्जंतुक सलाइनमध्ये हलवून जिवाणू वाढवण्याच्या दोन प्लेटवर लावायला सांगावी: एक साधी, दुसरीत लिटरला ४ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक. दोन्हींवरच्या ई. कोलाय वसाहतींचे प्रमाण पाहावे, म्हणजे किती जिवाणू औषधाला दाद देत नाहीत ते कळते.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. अनेक सोसायट्यांच्या आणि काही सार्वजनिक बागांना एसटीपीचे, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले, पाणी देतात. पाणी वाचते, चांगलेच आहे. पण एसटीपी सेंद्रिय भार कमी करण्यासाठी बांधलेला असतो; प्रतिरोधी जिवाणू वेचून काढणे हे त्याचे कामच नव्हे. त्यामुळे या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे रोज ऑर्थोटोलिडिन किंवा डीपीडी किटने पाहावे, ठिबक वापरावे, आणि स्प्रिंकलर लावायचेच असतील तर रात्री उशिरा. सध्या कित्येक ठिकाणी ते नेमके संध्याकाळी, मुले हिरवळीवर लोळत असताना सुरू होतात.

– एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पुणे