जमादार काका, तुमच्या त्या बाजेबद्दल थँक्यू

काका, तुम्ही मोबाईल फक्त बोलायलाच वापरता हे माहितीय, पण तुमचा नातू वाचून दाखवेल म्हणून इथं लिहितेय. समोर बोलायला गेलं की तुम्ही "असू दे, असू दे" करून चहा सांगता आणि माझं राहूनच जातं.

बाकीच्यांना आधी स्पर्धेचं सांगते. इंग्लंडात क्राइम रायटर्स असोसिएशन आहे, 1953 पासूनची, ते ज्यांची कादंबरी अजून छापून आलेली नाही अशांसाठी स्पर्धा घेतात, पूर्वी डेब्यू डॅगर म्हणायचे आता इमर्जिंग ऑथर डॅगर. कादंबरीची सुरुवात 3000 शब्दांपर्यंत आणि सारांश 1500 पर्यंत, सगळं इंग्रजीत. आमचं लातूरला कोर्टासमोर झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, एमए इंग्लिश करून दिवसभर अॅफिडेव्हिटच टाईप करायलेय, म्हटलं बघू तरी.

तुम्ही पेन्शनचा अर्ज टाईप करायला आलात तेव्हा स्क्रीनवर पहिलं पान उघडं होतं. तुम्ही विचारलं म्हणून मराठीत सांगितलं, की एप्रिल 2016, विहिरीत सालगड्याचं प्रेत तरंगतंय. तुम्ही चष्मा काढला. "2016 चा एप्रिल म्हणतीस अन् प्रेत तरंगलं म्हणतीस? पाणी कुठं होतं माय?"

मी गारच. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते वर्ष, मी स्वतः घागर घेऊन लाईनीत उभी होते आणि तुम्ही टाकीपाशी बंदोबस्ताला, जमावबंदीचं कलम 144 लावलेलं (पाण्याला पोलीस, सांगितलं तर खरं वाटत नाही आता), आणि माझ्या कादंबरीत मात्र विहीर तुडुंब!

त्यानंतर चार संध्याकाळी तुम्ही दुकानात येऊन बसलात. खुनाला मी मोठ्या ऐटीत कलम 103 लिहिलं होतं, रोज तेच टाईप करते ना, तर तुम्ही म्हणालात न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून, तवा 302च होतं. पंचनाम्याला पंच म्हणून गावातलं कुणी यायला तयार नसतं, सगळ्यांची नेमकी त्याच दिवशी शेतात कामं निघतात, हेही तुमचंच.

पण खरी गोष्ट बाजेची. मी प्रेत वर काढायला स्ट्रेचर लिहिलं होतं, तुम्ही हसलात. जवळच्या शेतातल्या आखाड्यावरनं बाज आणायची, चारी पायांना दोर बांधून विहिरीत सोडायची, आत उतरलेल्यानं प्रेत बाजेला बांधायचं अन् वरच्या चौघांनी एका लयीत ओढायचं, एकाचा दोर मागं राहिला की बाज कलली. मग म्हणालात, ती बाज परत घरात कुणी घेत नाही. एका म्हातारीची अशीच बाज विहिरीच्या कडेला दोन पावसाळे पडून होती, सुंभ कुजून लोंबायला लागलेलं, आणि ती बिचारी खाली भुईवर निजायची. तिला नवी बाज कुणी दिली हे मी विचारलं तर तुम्ही एकदम पेन्शनवर आलात!

सारांशात शेवट पण सांगावा लागतो म्हटल्यावर तुम्ही भडकलात, "खुनी कोण ते आधीच सांगायचं? मग वाचतंय कोण?" काका, परीक्षक वाचतात. वाचलं असणार, पण लाँगलिस्टमधे नाव नाही आलं, मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी फाईल उघडली आणि सुरुवातच बदलली, आता पहिल्या पानावर प्रेत नाही, विहिरीकडंला पडलेली बाज आहे, तिचं इंग्रजीत कॉट पण नाही केलं, बाजच ठेवलंय.

आणि तुमच्या अर्जाचे 60 रुपये तुम्ही गुपचूप स्टेपलरखाली ठेवून गेलात ते मला दिसलेत. तसेच ठेवलेत, येऊन घेऊन जा.