तिकिटाबरोबर आसनाचे मापही सांगावे

संपादक महोदय,

मुलांकडे अमेरिकेला जाऊन राहणाऱ्या ज्येष्ठांची संख्या आपल्याकडे आता मोठी आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जायचे तर पंधरा-सोळा तास एका जागी काढावे लागतात. मात्र ती जागा केवढी आहे, हे तिकीट काढताना सहसा कोणी सांगत नाही. इकॉनॉमी वर्गात दोन रांगांतील अंतर बहुधा ३० ते ३२ इंच असते आणि त्यात आसनाची जाडीही धरलेली असल्याने गुडघ्यांच्या वाट्याला त्याहून बरेच कमी येते. बोइंग ७७७ विमानात पूर्वी एका रांगेत बहुतेक ठिकाणी नऊ आसने असत, आता अनेक कंपन्या दहा बसवतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तास किंवा अधिक काळ हालचाल न करता प्रवास केल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. दुप्पट होऊनही हा धोका सुमारे सहा हजारांत एक इतका कमी आहे, आणि बस-रेल्वेलाही तो लागू आहे, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु खिडकीजवळ बसलेल्या आजी शेजारच्या दोघांना उठवायच्या संकोचाने पाणीच पीत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि विमानातील हवा तर कमालीची कोरडी असते. अशांसाठी वाटेलगतची जागा, जादा पैसे पडले तरी, घ्यावी. पायाशी ठेवलेली पिशवी वर ठेवावी, कमरेमागे शाल घडी करून घ्यावी, घोटे अधूनमधून फिरवावेत. पोटऱ्यांवर दाब देणारे मोजे मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावेत. झोपेची गोळी घेऊन अवघडलेल्या स्थितीत तासन्‌तास पडून राहणे सर्वांत वाईट.

आसनाचे किमान माप ठरवण्याचा आदेश अमेरिकी काँग्रेसने २०१८ मध्ये तेथील विमान वाहतूक प्रशासनाला दिला होता, पण वर्षभराच्या मुदतीत ते ठरले नाही. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने निदान एवढे करावे, की रांगांतील अंतर आणि आसनाची रुंदी भाड्याच्या आकड्याशेजारी दाखवणे कंपन्यांना व तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांना बंधनकारक करावे.

— एक वाचक, पुणे