क्रमवारीत न दिसणारा वर्ग

महोदय,

अमेरिकेत पदवीसाठी मुलांना धाडताना पालक विद्यापीठांची क्रमवारी पाहतात आणि तिथेच थांबतात; वर्गात शिकवणे कसे चालते, हे पाहत नाहीत. कॅलिफोर्निया राज्यातल्या बर्कलीसारख्या सरकारी विद्यापीठात ३० हजारांहून अधिक पदवी विद्यार्थी. सुरुवातीच्या विषयांना शेकडो जण एकाच सभागृहात, आणि शंका सोडवायला बहुधा पीएचडी करणारा साहाय्यक. विल्यम्स या खासगी कॉलेजात विद्यार्थी साधारण दोन हजार. तिथल्या ट्युटोरियलमध्ये प्राध्यापकासमोर दोघेच बसतात: एकाने निबंध मांडायचा, दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची. दडी मारायला जागाच नाही! विषयांची रेलचेल हवी असेल, तर अर्थात बर्कलीच बरे. मात्र 'सरकारी म्हणजे स्वस्त' हे गणित आपल्या मुलांना लागू नाही. राज्याबाहेरच्यांना तिथे कितीतरी जास्त शुल्क पडते. विल्यम्स परदेशी विद्यार्थ्यालाही गरजेइतकी पूर्ण मदत देते. अर्थात, आधी प्रवेश मिळायला हवा.

– एक वाचक