शिवणीत सोडलेली माया: कपड्यांच्या खोलीतल्या मावशींना

प्रिय मावशी,
सा. न. वि. वि.

राज्यपातळीच्या सौंदर्यस्पर्धेतला लोकांना दिसतो तो शेवटच्या रात्रीचा दोन-अडीच तासांचा कार्यक्रम. स्पर्धक मुलींसाठी तो अख्खा आठवडा असतो. नोंदणी, सॅश (खांद्यावरून कमरेकडे घालायचा साटीनचा पट्टा), फिटिंग, फोटो, चालण्याचा सराव, कलागुणांची फेरी, बंद दाराआडची मुलाखत, रंगीत तालीम, प्राथमिक फेरी आणि मग अंतिम. या धावपळीत प्रत्येक मुलगी रोज एकदा तरी जिथे डोकावते ती तुमची खोली: एक शिलाई मशीन, एक स्टीमर, भिंतीलगत कपड्यांचे स्टँड आणि दोऱ्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा. तुमचे आभार फोनवर मानून भागलं असतं. पण तुम्ही जे करत होता आणि करता करता सांगत होता, ते पुढच्या वर्षी बॅग भरणाऱ्या मुलींच्या हाती पडावं म्हणून हे पत्र उघड लिहितोय. नाव लिहू नका म्हणालात, म्हणून फक्त मावशी.

पहिल्या दिवशी तुम्ही एकाही गाऊनची वरची बाजू पाहिली नाहीत. प्रत्येक गाऊन उलटा करायला लावलात आणि शिवणीत किती माया, म्हणजे टाक्याच्या आत राखलेलं जादा कापड, सोडली आहे ते बोटांनी चाचपलंत. तयार गाऊनमध्ये ती बहुतेक वेळा पाव इंच असते, आणि तिथेच आठवड्याचं गणित चुकतं. झोप अपुरी, हॉटेलच्या जेवणात मीठ जास्त, त्यात कुणाची पाळी आलेली. सकाळची कंबर आणि रात्रीची कंबर यांत अर्ध्या ते एक इंचाचा फरक सहज पडतो. मंगळवारी सकाळी उपाशीपोटी अंगाला चिकटून बसलेला गाऊन रविवारी रात्री श्वास घेऊ देत नाही. म्हणून तुमचं माप संध्याकाळी, जेवणानंतर, एकदा उभं राहून आणि एकदा खुर्चीत बसून. ‘पोटभर श्वास घे, मग टेप लावते.’ जिथे कापड आत घ्यायचं तिथे तुम्ही ते कापलं नाहीत. एक इंच माया दुमडून, इस्त्रीने बसवून, आतून हाताच्या टाक्यांनी धरून ठेवलीत. अजून घट्ट करा म्हणून कितीही हट्ट झाला तरी कात्री उचलली नाहीत. आणि जिथे मायाच नव्हती तिथे काखेखालच्या शिवणीत त्याच रंगाची दोन बोटं पट्टी घातलीत. हात वर केल्याशिवाय ती दिसतही नाही.

घेराच्या लांबीबद्दल मात्र तुम्ही सगळ्यात कडक होता, आणि ते बरोबरच होतं. २००७ ला मेक्सिको सिटीत आणि २००८ ला व्हिएतनाममधल्या न्हा त्रांगला, लागोपाठ दोन वर्षं मिस युनिव्हर्सच्या मंचावर अमेरिकेची स्पर्धक गाऊनच्या फेरीत पडली. दोघीही उठून चालत राहिल्या. एवढ्या मोठ्या मंचावर, एवढ्या तयारीनंतर हे होतं, तर आमच्याकडे होणारच. तुमची पद्धत इथे जशीच्या तशी लिहून ठेवतोय.

उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, कापलेला गाऊन आधी एक दिवस टांगून ठेवायचा, कारण तो स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो आणि तोही सगळीकडे सारखा नाही. खूप मणी किंवा टिकल्या असलेला गाऊन खांद्याच्या पट्ट्यांवर टांगायचाच नाही, पट्ट्या लांबतात. तो चादरीत गुंडाळून आडवा ठेवायचा, किंवा कमरेला आतून रिबिनीचे दोन फासे शिवून त्यांवर टांगायचा. मग मंचावर घालायच्या त्याच सँडल, त्याच आतल्या कपड्यांवर गाऊन घालून मुलीने समोर बघत उभं राहायचं. टाचण्या दुसऱ्या कुणी लावायच्या. ती स्वतः वाकून बघायला गेली की पुढचा घेर खाली येतो आणि माप फसतं. पुढे जमिनीपासून अर्धा ते पाऊण इंच वर, बाजूंना जमिनीला टेकेल इतका, मागे हवा तेवढा लांब. अस्तर मात्र वरच्या कापडापेक्षा पूर्ण एक इंच आखूड, कारण सँडलचं टोक बहुतेक वेळा अस्तरात अडकतं आणि आपण वरच्या कापडाला दोष देतो. आधी फक्त कच्चा टाका. तो घालून दहा पावलं चालायचं, वळायचं, दोन पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, एक तालीम करायची. त्यानंतरच पक्की तुरपाई. घेराच्या दुमडीत तुम्ही ताठ नायलॉन जाळीची एक इंची पट्टी घातलीत, त्यामुळे घेर पायात गोळा न होता पावलाच्या पुढे ढकलला जातो.

टिकल्यांच्या गाऊनवर मशीन चालवलं की सुई मोडते, हेही तुमच्याकडून कळलं. शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या अर्ध्या इंचातल्या टिकल्या तुम्ही एकेक करून छोट्या पकडीने फोडून काढल्यात. दोरा तोडला नाहीत, कारण तो तुटला की पुढची अख्खी ओळ उसवत जाते. काढलेल्या जागेच्या कडेला गाठ, मग शिवण, आणि उघडं दिसणाऱ्या ठिकाणी त्याच टिकल्या परत हाताने. एका गाऊनला तीन तास लागले.

चालण्याचं शिकवायला वेगळे लोक होते, तरी पायऱ्यांची युक्ती तुमचीच. चढताना कापड गुडघ्यापाशी धरायचं नाही, मांडीच्या बाजूला एक मूठ धरायचं. घेरावर पाय पडलाच तर पुढे ओढायचं नाही, अर्धं पाऊल मागे यायचं. ओढलं की कमरेची शिवण उसवते, आणि ती मंचावर शिवता येत नाही.

चेनबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यांचे हातपाय तिथेच गळतात. पाठीची चेन बहुतेक कमरेच्या जोडावर अडते. तिथे कापडाचे चार-पाच थर एकत्र येतात. मागून दुसरी मुलगी जोर लावते आणि दात सुटतात. तुम्ही आधीच दातांवरून मेणबत्ती फिरवत होता, अस्तर चेनपासून दूर टाचून ठेवत होता आणि चेनच्या वर हुक लावत होता. आधी हुक, मग चेन, म्हणजे ताण हुकावर जातो. तरीही एक चेन गाऊनच्या फेरीआधी सुटलीच. तुम्ही दोघींना पाठीच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवून धरायला सांगितलंत, हॉटेलच्या खोलीचं कार्ड कातडी आणि कापड यांच्या मध्ये सरकवलंत आणि दुहेरी दोऱ्याने कमरेपासून वर उलटी टीप घालत गेलात. टाके अर्ध्या-अर्ध्या इंचावर. सुरुवात कमरेपासून, कारण सगळा ताण तिथे असतो. ती सरळ रेषेत बसली की वरचं आपोआप बसतं. अंगावर शिवायचं म्हणून मुलीला दोऱ्याचा एक तुकडा दातांत धरायला लावलात. आजीकडून आलेली रीत, पण त्या क्षणी तिचा उपयोग डोळ्यांना दिसला: तोंड मिटलं, खांदे हलायचे थांबले, श्वास नाकाने चालू झाला. सुई तुमच्या उजव्या हातात होती आणि डावा तळवा सबंध वेळ तिच्या पाठीवर टेकलेला होता.

चिकटपट्टीचंही तसंच. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी मंचावर सुटते, कारण खाली लोशन, तेल किंवा चमकीचा थर असतो. आधी कापसाने स्पिरिट, ते पूर्ण वाळू द्यायचं, मग पट्टी आणि वर अर्धा मिनिट तळव्याची ऊब. चमकी लावायचीच असेल तर पट्टीनंतर. आदल्या रात्री कोपराच्या आतल्या बाजूला एक तुकडा लावून बघायचा, लाल झालं तर नकोच. काढताना खोबरेल तेल आणि सबुरी.

सॅश उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येते आणि साटीनची असल्याने सतत घसरते. पिना आतून, गाऊनच्या जाळीला न लावता शिवणीला किंवा आतल्या पट्टीला, खांद्यावर दोन आणि कमरेला एक. कमरेच्या जोडाला वर दोन कच्चे टाके. सॅशवर सरळ इस्त्री फिरवली की छापलेली अक्षरं वितळून इस्त्रीला चिकटतात, म्हणून उलट्या बाजूने, मध्ये सुती रुमाल ठेवून. गाऊनला वाफ द्यायची तीही आतून, आणि नंतर दहा मिनिटं थंड होईपर्यंत घालायचा नाही. गरम कापडावर बसल्या-उठल्याच्या सुरकुत्या पक्क्या होतात.

पारंपरिक वेशाच्या फेरीत नऊवारी नेसायची की शिवलेली घालायची, यावर दरवर्षी वाद होतो. तुमचा निवाडा सोपा होता: आधीच्या फेरीनंतर पंधरा मिनिटं असतील तर नेसायची, कमी असतील तर शिवलेली. नेसलेल्या नऊवारीचा काष्टा आणि ओचा जसा अंगाबरोबर हलतो तसा शिवलेलीचा हलत नाही, हे तुम्ही आरशासमोर दोन्ही शेजारी उभ्या करून दाखवलंत. पण चार मिनिटांत नेसलेली नऊवारी मंचाच्या मध्यावर सुटू शकते. पैठणीच्या जरीतून पीन आरपार घालायची नाही, मध्ये कापडाची छोटी घडी. आणि प्रत्येक सेफ्टी पिनेत आधी एक मणी ओवायचा, म्हणजे रेशमाचा धागा पिनेच्या वेटोळ्यात अडकत नाही. ज्यांच्या आईची किंवा आजीची पैठणी होती त्यांना त्या मण्याची किंमत माहीत आहे.

मुलाखतीच्या ड्रेसला तुम्ही आरशासमोर खुर्ची ठेवलीत. उभ्याने गुडघ्यापर्यंत येणारा ड्रेस बसल्यावर दोन-तीन इंच वर जातो, परीक्षक बसलेलेच बघणार. एसीत कापड पायांना चिकटायला लागलं तर घेराच्या आतून लोखंडी हँगर फिरवायचा. कलागुणांच्या फेरीत माईकचा डबा ब्लाउजला ओढून खाली आणतो, म्हणून अस्तराला आतून एक छोटा खिसा. कपडे बदलताना चेहऱ्यावर जाळीची ओढणी, म्हणजे मेकअप कपड्याच्या गळ्याला लागत नाही. लागलाच तर ओल्या फडक्याने घासायचं नाही, कोरड्या स्पंजने टिपायचं. सँडल बक्कल उघडून ठेवायच्या, टोकं चालायच्या दिशेला. हे सगळं तुम्ही एकेका वाक्यात सांगून मोकळ्या झालात.

मावशी, या कामाला नखरा म्हणणारे लोक भेटतात, म्हणून एक गोष्ट इथे मांडाविशी वाटते. सुश्मिता सेन यांनी स्वतः सांगितलंय, १९९४ च्या मिस इंडियासाठी त्यांनी दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातून कापड आणलं, घराखालच्या गॅरेजमधल्या शिंप्याने गाऊन शिवला आणि हातमोजे कोऱ्या पायमोज्यांचे केले. त्याच वर्षी मनिलाला त्या मिस युनिव्हर्स झाल्या. १९६६ ला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या रीटा फारिया लंडनला मिस वर्ल्ड झाल्या, त्याही मैत्रिणींचे उसने कपडे बरोबर घेऊन गेल्या होत्या. अशा वेळी कुणीतरी सुई-दोरा घेऊन शेजारी बसलेलं असतं. शेवटच्या फेरीत प्रश्न विचारतात तेव्हा मुलीला तो एकदाच ऐकू येतो. भारताच्या मधु सप्रे १९९२ ला बँकॉकमध्ये मिस युनिव्हर्सच्या अखेरच्या तिघींत होत्या, आणि शेवटच्या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तराची चर्चा अजून निघते. अशा क्षणी डोकं चेनकडे किंवा घेराकडे असेल तर प्रश्नाचा अर्धा भाग निसटतो. या वर्षी अंतिम फेरीत उभ्या राहिलेल्या मुलींचं डोकं कपड्यांत अडकलेलं नव्हतं, ते तुमच्यामुळे.

आणि आयोजकांना, कोणत्याही स्पर्धेच्या, कळकळीची विनंती. एवढ्या मुलींमागे एक मशीन आणि एक माणूस पुरत नाही. दर दहा मुलींमागे एक शिवणारी बाई, कापायला कमरेइतकं उंच टेबल, पिवळ्या दिव्याऐवजी पांढरा प्रकाश (काळ्या कापडावर काळा टाका पिवळ्या उजेडात दिसत नाही), रात्री घरी सोडायला गाडी आणि कामाच्या तासांप्रमाणे मोबदला. स्मरणिकेत केस, मेकअप आणि दागिने यांना पान मिळतं. शिलाईलाही एक ओळ द्या.

सोबत तुमचा बिस्किटांचा डबा परत पाठवतोय, निघताना तो राहून गेला होता. संपलेले दोरे भरून दिलेत: कातडीच्या रंगाच्या चार छटा, काळा, पांढरा, किरमिजी, मोरपंखी. नऊ नंबरच्या सुया दोन पाकिटं, मेणबत्ती एक, आणि मणी ओवलेल्या पन्नास सेफ्टी पिना. त्या आम्ही सगळ्यांनी मिळून ओवल्या आहेत.

तुमच्या,
या वर्षीच्या सगळ्या मुली