माझं जुनं पत्र मागे घ्यायचंय

संपादक महोदय, स. न. वि. वि.

काही वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे एक पत्र पाठवलं होतं, मुलं दिवसभर गेम खेळतात, डोळे जातील, अभ्यास जाईल, पालक काय झोपलेत का वगैरे वगैरे. तुम्ही ते छापलंतही आणि मी कात्रण काढून कपाटात ठेवलं. आता ते कात्रण समोर आलं की हसू येतं, कारण वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी स्वतः रोज गेम खेळते. लपूनछपून नाही, चष्मा लावून, टेबलखुर्चीवर बसून.

झालं असं, रिटायर झाले आणि दुपार काही सरेना. नातीने कॉम्प्युटरवर स्टारड्यू व्हॅली नावाचा शेतीचा गेम लावून दिला, म्हणाली आजी यात कोणाला मारायचं नाहीये तू खेळ (खाणीत थोडी मारामारी आहे, ते तिने सोयीस्करपणे नंतर सांगितलं). आजोबांची पडीक शेती आपल्याला मिळते, साफसफाई करा, पेरा, पाणी घाला, गावातल्या लोकांशी बोला, बस. सुरुवातीला पार्सनिपच्या (गाजरासारखं एक कंदमूळ) पंधरा बिया भेट मिळतात. मी एकेका वाफ्यावर जाऊन झारीने पाणी घातलं, माऊस कुठे धरायचा हेच कळत नव्हतं त्यामुळे निम्मं पाणी भलत्याच जमिनीवर, आणि तेवढ्यात दमणुकीची पट्टी खाली आली. चार दिवसांनी ते पीक तयार झालं तेव्हा मी एकटी असून मोठ्याने "आलं!" म्हणाले.

मग माती खाल्ली. यातला एक ऋतू बरोब्बर 28 दिवसांचा असतो आणि फ्लॉवरला 12 दिवस लागतात. मी वसंताच्या 20 तारखेला होते नव्हते ते सगळे पैसे घालून फ्लॉवर लावला. 20 आणि 12 किती होतात? आयुष्यभर हिशेबाचं काम केलेली बाई मी, आणि उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी बघते तर अख्खी रांग वाळलेली. नात इतकी हसली की विचारू नका. तेव्हापासून शेजारी वही ठेवलीय, कुठलं पीक किती दिवसांचं, गावात कोणाचा वाढदिवस कधी, कोणाला काय आवडतं.

आणि हा एवढा पसारा एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने केलाय हो, चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रॅमिंगही त्याचंच, साडेचार वर्षं एकटा बसला होता आणि 2016 साली गेम बाहेर आला. हे कळल्यावर वाळलेल्या फ्लॉवरचा माझा राग बराच कमी झाला.

पुढे नातीच्या स्विचवर, म्हणजे गेम खेळायच्या हातातल्या यंत्रावर, अ‍ॅनिमल क्रॉसिंगही बघितला. यात एका बेटावर प्राण्यांच्या शेजारात घर करून राहायचं. त्याचं घड्याळ आपल्या खऱ्या घड्याळाबरोबर चालतं, आता मी पहाटे पाचला उठणारी, आणि तिथलं दुकान उघडणार आठला, म्हणजे इथेही मी आपली शटरसमोर ताटकळत. महिनाभर गेलं नाही तर बेटावर तण माजतं, घरात झुरळं होतात आणि शेजारचे प्राणी विचारतात, होतीस कुठे इतके दिवस? ते ऐकून मला जरा गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. हा गेम ज्याच्या डोक्यातून निघाला तो कात्सुया एगुची नोकरीसाठी घरच्यांपासून लांब क्योतोला गेला होता, तिथल्या एकटेपणातून त्याला हे सुचलं म्हणतात. ते खेळताना जाणवतंच.

द सिम्स या माणसांचा संसार चालवायच्या गेमबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. 2000 सालचा तो पहिला गेम विल राइटचा, त्याचं स्वतःचं घर 1991 च्या वणव्यात जळालं होतं आणि नव्याने संसार मांडताना त्याला ही कल्पना सुचली. त्यातली माणसं सिमलिश नावाची बनवलेली भाषा बोलतात, ती कोणालाच कळत नाही, इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनाही नाही, हे मला फार आवडलं. पण गेममधल्या माझ्या बाईने दुसऱ्याच दिवशी शेगडीला आग लावली आणि विझवायचं सोडून तिथेच उभं राहून किंचाळत बसली. घर आवरा, बिलं भरा, बाथरूमला पाठवा, अहो हे मी चाळीस वर्षं केलंय, परत कशाला! मी आता त्यात फक्त घरं बांधते, माणसं ठेवतच नाही.

सगळं गोड गोड नाहीये. स्टारड्यूमधला एक दिवस म्हणजे आपली साधारण चौदा मिनिटं, आणि झोपल्याशिवाय गेम सेव्ह होत नाही, त्यामुळे "हा एक दिवस संपवते मग उठते" करत एकदा खरोखरचा दीड वाजला होता. म्हणजे जुन्या पत्रातलं सगळंच काही चूक नव्हतं. कित्येक गेममध्ये अक्षर इतकं बारीक की भिंग घ्यावं लागतं. मोबाईलवर शेतीचे दुसरेही काही गेम मिळतात, दिसायला अगदी असेच, पण तिथे पीक यायला आठ तास थांबा नाहीतर पैसे भरा. एका संध्याकाळी त्यातला एक काढून टाकला. स्टारड्यू बारा भाषांत आहे, त्यात मराठी नाही, त्यामुळे माझ्या वयाच्या ज्या मैत्रिणींना इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो त्या लांबच राहतात.

म्हणून तुम्हाला एक विनंती, गेमची बातमी म्हटली की दर वेळी बंदूक आणि व्यसन एवढंच नका छापू. अधूनमधून अशा गेमची मराठीत नीट ओळख करून द्या, अक्षर मोठं करता येतं का, घाई आहे का, मधेच पैसे मागतो का, एवढं सांगितलंत तरी खूप झालं. आणि माझं जुनं पत्र मागे घेता येत असेल तर घ्या.

जागा संपली असेल, थांबते. गेममधल्या टीव्हीवर उद्या पाऊस सांगितलाय, म्हणजे पाणी घालायचं काम नाही, सकाळी उठून थेट खाणीत जायचंय.

आपली जुनी वाचक,
एक आजी